आजीचा हिशोब आणि पांढरे ठिपके

गेले तीन वीकएंड लिहिणं झालं नाही. आळस हे कारण नेहमीचंच, पण या वेळी खरं कारण होतं. आजीला पुण्यात आणून एमआरआय करायचा होता, आणि रिपोर्ट हातात आल्यावर दुसरं काही सुचेना.

आजी म्हणजे आईची आई. पाचाडला असते. रायगडाच्या पायथ्याचं गाव, जिजाबाईंचा वाडा आणि समाधी आहे तेच. गड चढून-उतरून आलेली पोरं तिच्याकडे जेवतात. पिठलं, भाकरी, ठेचा, ताक. बाई चौथी शिकलेली, पण हिशोब असा की आपण मोबाइलचं कॅल्क्युलेटर उघडेपर्यंत तिचा आकडा तयार. आठ थाळ्या, पाच ताक, तीन भाकऱ्या जास्तीच्या, त्यातला एक उपासवाला. डोळे बारीक करायची, बोटं हलवायची, संपलं! इंजिनिअरिंगला असताना मी तिच्याशी शर्यत लावायचो. सगळ्या हरलो.

गेल्या दिवाळीनंतर काहीतरी बिनसलं. विसरत नव्हती ती. कोणाच्या लग्नात कोण रुसलं होतं ते तारखेसकट सांगायची. पण हिशोबाला वेळ लागायला लागला. मध्येच थांबायची, पुन्हा पहिल्यापासून धरायची. दोन भाज्या एकदम चुलीवर असल्या की गोंधळायची. आणि चालताना पाय उचलण्याऐवजी घासत टाकायची. मामा म्हणाला, "पंचाहत्तरी आली रे तिची, आता काय पी. टी. उषा होणारे का?" मलाही ते पटलं. पटवून घेणं सोयीचं होतं.

तर एमआरआय. बाहेर आल्यावर आजीने फक्त एवढंच सांगितलं, "पिठाच्या गिरणीत डोकं घातल्यागत वाटलं." रिपोर्टमध्ये बरंच काही नॉर्मल होतं आणि खाली एक ओळ होती, की मेंदूच्या व्हाइट मॅटरमध्ये लहान रक्तवाहिन्यांमुळे झालेले बदल, फझेकास ग्रेड २. झालं. त्या रात्री मी पहाटे तीनपर्यंत वाचत बसलो. (गूगलवर आजार शोधू नये हे मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे. आपण सगळे शोधतोच.)

जे कळलं ते सांगतो. आपण 'डोकं' म्हणतो तो सगळा मान ग्रे मॅटरला मिळतो, म्हणजे पेशींच्या वरच्या थराला. व्हाइट मॅटर म्हणजे त्या पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या तारा. तारांवर मायलिन नावाचं चरबीचं आवरण असतं, त्यामुळे संदेश वेगात जातो. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २००३ मध्ये याची मोजदाद छापली. विशीतल्या बाईच्या मेंदूत या तारांची एकूण लांबी सुमारे १,४९,००० किलोमीटर भरते, पुरुषाच्या १,७६,०००. म्हणजे आजीच्या डोक्यात एके काळी पृथ्वीला पावणेचार फेऱ्या होतील इतकी केबल होती! वयाबरोबर ती दर दहा वर्षांनी साधारण दहा टक्के घटते, ती सगळ्यांचीच.

ठिपके ही त्यावरची वेगळी भानगड. या तारांना रक्त पुरवणाऱ्या धमन्या केसासारख्या बारीक असतात. वर्षानुवर्षं बीपी जास्त राहिलं की त्यांच्या भिंती जाड आणि ताठ होतात, रक्त कमी पोचतं, भिंतींतून पाझर होतो आणि आजूबाजूच्या तारांचं आवरण खराब होतं. एमआरआयच्या एका पद्धतीत पाण्याचा सिग्नल दाबून टाकतात, तेव्हा ही खराब जागा पांढरीशुभ्र उठून दिसते. फझेकास हे ऑस्ट्रियातले डॉक्टर. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये साधी पट्टी बनवली: ० म्हणजे काही नाही, १ म्हणजे सुटे ठिपके, २ म्हणजे ठिपके एकमेकांत मिसळायला लागलेले, ३ म्हणजे मोठाले पट्टे. जवळजवळ चाळीस वर्षं झाली, रिपोर्टात अजून हीच पट्टी.

आणि हे वाचताना मी खुर्चीत सरळ झालो. असं नुकसान झालं की बहुतेकदा आधी आठवण जात नाही, आधी वेग जातो. एका वेळी दोन कामं सांभाळणं जड जातं, चाल मंदावते. अल्झायमरची सुरुवात सहसा आठवणीपासून होते, ही गोष्ट वेगळी. सर्व्हर धडधाकट, डेटा जागच्या जागी, नेटवर्क स्लो. आजी महिनोन्‌महिने आमच्या डोळ्यांसमोर हेच दाखवत होती आणि आम्ही 'वय झालं' म्हणून तिकीट क्लोज करत होतो.

मग भविष्याचे आकडे. २०१० मध्ये आधीचे अनेक अभ्यास एकत्र करून निघालेला निष्कर्ष असा, की असे ठिपके असलेल्यांना डिमेन्शियाचा धोका जवळपास दुप्पट, पक्षाघाताचा तिपटीहून जास्त. हे मी लाल पेनाने लिहून डॉक्टरांकडे घेऊन गेलो. स्प्रिंट रिव्ह्यूला जावं तसा.

डॉक्टरीणबाई साठीच्या असतील. त्यांनी आधी माझ्याकडे नाही, आजीकडे पाहिलं. काही प्रश्न विचारले, महिना-वार विचारला. आजीने तारखेऐवजी तिथी सांगितली, ती बरोबर होती. (अशा चाचण्या शाळा शिकलेल्यांसाठी बनलेल्या असतात. आपल्याकडे न शिकलेल्यांसाठी त्यातली एक बदलून घेतली ती हरयाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांमध्ये, १९९५ मध्ये छापून आली.) मग त्या मला म्हणाल्या, "तुम्ही दुप्पट लिहिलंय. कशाच्या दुप्पट?"

मी गप्प.

"समजा शंभरात पाच जणांना व्हायचा, तर दहांना होईल. उरलेल्या नव्वदांत तुमच्या आजी नाहीत हे या फिल्मवर कुठे लिहिलंय?"

युरोपातल्या ११ केंद्रांनी ६३९ वृद्धांवर केलेला लाडिस नावाचा अभ्यास मी वाचला होता, तोही पुढे केला. सुरुवातीला सगळे आपापली कामं करणारे लोक होते. त्यानंतर सौम्य ठिपकेवाल्यांपैकी दर वर्षी १०.५ टक्के परावलंबी झाले किंवा वारले, मध्यमवाल्यांपैकी १५.१ आणि तीव्रवाल्यांपैकी २९.५ टक्के. त्या म्हणाल्या, बरोबर आहे, म्हणून तर आम्ही फिल्म बघतो. पण मध्यमवाले पंच्याऐंशी टक्के त्या वर्षी आहेत तसेच राहिले की. एकाच ग्रेडची दोन माणसं माझ्यासमोर बसतात, एक स्वतः रिक्षा करून आलेला असतो, दुसऱ्याला मुलाचं नाव आठवत नसतं. ठिपका कुठल्या तारेवर पडलाय, माणसाकडे शिल्लक किती आहे, त्यावर असतं ते. एक स्कॅन म्हणजे फोटो. चढ आहे की उतार हे कळायला दुसरा लागतो. "तुम्हाला तारीख हवीय. माझ्याकडे तारीख नाही."

खरं सांगायचं तर मला राग आला. एवढं महागडं मशीन, आणि अंदाज एवढा ढोबळ? आता तारांच्या आत पाणी कुठल्या दिशेने सरकतं ते मोजणारे स्कॅन आहेत, साध्या फिल्मवर ठीक दिसणाऱ्या जागेतलं नुकसानही त्यात कळतं. शेकडो माणसांच्या गटावर ते अंदाज बरे येतात. पण मला शेकडो आज्या नाहीत.

मग त्यांनी आजीच्या दंडाला पट्टा बांधला. १७६ वर १०२. "गोळी चालू आहे?"

आजी म्हणाली, "होती. बरं वाटलं तशी सोडली."

केव्हा? चार वर्षांपूर्वी. मामाला माहीत नव्हतं. आईला माहीत नव्हतं. मला तर काहीच माहीत नव्हतं. त्या चार वर्षांत मी तिच्यासाठी स्मार्ट टीव्ही घेतला, वॉटर प्युरिफायर घेतला, एकदा विमानात बसवलं. दीड-दोन हजारांचं बीपीचं मशीन घेतलं नाही.

अमेरिकेतल्या स्प्रिंट या अभ्यासात पन्नाशीपुढच्या ९,३६१ लोकांचे दोन गट केले होते. एका गटात वरचं बीपी १२० च्या खाली आणायचा प्रयत्न, दुसऱ्यात १४० च्या. २०१९ मध्ये निकाल आले. कडक गटात बुद्धीची सौम्य घसरण १९ टक्क्यांनी कमी. डिमेन्शियाही कमी दिसला, पण फरक खात्रीने सांगण्याइतका नव्हता. ज्यांचे स्कॅन झाले त्यांच्यात साधारण चार वर्षांत ठिपके कडक गटात ०.९२ घन सेंटिमीटरने वाढले, दुसऱ्यात १.४५ ने. कोणाचेच पुसले गेले नाहीत, फक्त वाढ मंदावली. मला जास्त जवळचा वाटला तो चीनच्या खेड्यांतला प्रयोग, २०२५ मध्ये छापलेला. ३२६ गावं, जवळपास ३४,००० माणसं. तिथे गावातल्याच आरोग्यसेवकांनी गोळ्या आणि पाठपुरावा सांभाळला, आणि चार वर्षांत डिमेन्शिया १५ टक्क्यांनी कमी. तिथे गरज पडली ती पट्टा, स्वस्त गोळी आणि दारात येऊन विचारणाऱ्या माणसाची. आपल्याकडेही २०१७ मध्ये सुरू झालेल्या बीपीच्या राष्ट्रीय मोहिमेत पहिल्या राज्यांत महाराष्ट्र होता, शेजारचा सातारा जिल्हा त्यात होता.

परतताना गाडीत मामाचं आणि माझं वाजलं. त्याचं म्हणणं, रिपोर्ट असा आलाय तर खानावळ बंद करा, आईला पुण्यात ठेवा. गडावरचा वारा म्हातारपणी सोसेना म्हणून जिजाबाईंना खाली पाचाडला वाडा बांधून दिला असं सांगतात; मामा म्हणे तसंच आपण करू, आणखी थोडं खाली. मी म्हटलं, फोटो बघून माणसाला रिटायर करायचं का? मागच्या सीटवरून आजी म्हणाली, "मी झोपलेली नाय."

सध्या खानावळ चालू आहे. बीपीचं मशीन तांदळाच्या डब्याशेजारी. सुकट बंद करायला सांगितली त्यावर ती अजून चिडलेली आहे (पावसाळा काढायचा कसा, हा तिचा प्रश्न रास्त आहे). गावातली आशाताई आठवड्यातून एकदा डोकावते, वहीत पेन्सिलने आकडे लिहिते. बारा ओळी झाल्यात. शेवटची १३८ वर ८४.

परवा शनिवारी गेलो होतो. नऊ जणांचा ग्रुप उतरला होता. नऊ थाळ्या दीडशेच्या, सहा ताक, चार भाकऱ्या जास्तीच्या, ताक-भाकरी वीस-वीस रुपये. आजीने डोळे बारीक केले. बोटं हलायला लागली. मधे थांबली, परत पहिल्यापासून धरलं. आकडा माझ्या जिभेवर होता, मी उठून माठाकडे गेलो.

"पंधराशे तीस," ती म्हणाली.

त्यातला एक मुलगा मोबाइल बघत होता. "आजी, पंधराशे पन्नास होतात."

ती पुन्हा बोटांवर गेली. बराच वेळ. मग म्हणाली, "होय रे. एक ताक धरलंच नाय मी." आणि पन्नासची नोट उजेडाकडे धरून नीट बघून कनवटीला लावली.

पुढचा स्कॅन दीड वर्षाने आहे.