मागचा पडदा

लग्नमंडपाच्या एका कोपऱ्यात मुलांची झुंबड उडाली होती. पंगतीची पाने मांडली गेली, तरी तिकडे कोणाचे लक्ष नव्हते. कोपऱ्यात तिपाईवर एक कॅमेरा होता, शेजारी आरशाएवढा स्क्रीन होता आणि मागे हिरवेगार कापड ताणून लावले होते. कापडासमोर उभे राहावे, बटण दाबावे, आणि स्क्रीनवर पाहावे तो आपण थेट पॅरिसच्या आयफेल मनोऱ्याखाली! मिनिटाभरात छापलेला फोटो हाती येई. त्याच्या कडेला वधूवरांची नावे, लग्नाची तारीख आणि मोत्यांच्या मुंडावळ्या असत.

माणसाची ही हौस काही आजची नव्हे. जत्रेतील फोटोवाल्याच्या राहुटीत रंगवलेला ताजमहाल असे, फळीचे विमान असे. ज्याने आगगाडीही पाहिली नाही असा शेतकरी त्या विमानात ऐटीत बसून छबी काढवून घेई. नाटकांचे पडदे तर केवढे देखणे! कोल्हापूरचे आनंदराव व बाबूराव पेंटर यांनी असे पडदे रंगवून नाव मिळवले. पुढे बाबूराव चित्रपटांकडे वळले. छबी काढणारे यंत्र मात्र परदेशातून आले. सैबेरियात जन्मलेल्या अनातोल जोसेफो यांनी १९२५ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रस्त्यावर ते मांडले. २५ सेंटांत ८ छब्या मिळत, आणि त्यासाठी लोक रांगा लावीत.

मंडपातील यंत्राची करामत मात्र निराळी होती. त्यात चित्राचे तीन थर असतात. सर्वांत मागे देखावा, मध्ये माणूस आणि सर्वांत वर नावांची चौकट. ही चौकट म्हणजे जणू काचेवर काढलेली नक्षी. मधला भाग पारदर्शक असल्यामुळे त्यातून माणूस दिसतो. चित्रात जेथे जेथे पडद्याचा हिरवा रंग सापडेल, तेथे तेथे यंत्र तो पुसते आणि त्या जागी देखावा भरते. हिरवाच का? माणसाच्या कातडीत तो रंग नसतो म्हणून. शिवाय बहुतेक कॅमेऱ्यांत हिरवा प्रकाश टिपणारे ठिपके तांबड्या किंवा निळ्या ठिपक्यांच्या दुप्पट असतात, त्यामुळे तो रंग स्पष्ट टिपला जातो. अलीकडची काही यंत्रे कापडावाचूनही माणूस ओळखून वेगळा काढतात. मोकळ्या केसांपाशी मात्र तीही पुष्कळदा फसतात.

एवढ्यात वधूच्या आजी तेथे आल्या. अंगावर ठेवणीतले हिरवे नऊवारी लुगडे, हातांत हिरव्या बांगड्या. त्या पडद्यासमोर उभ्या राहिल्या मात्र, मुलांत हशा पिकला. स्क्रीनवर आजींचा नुसता चेहरा आणि दोन हात तरंगत होते! लुगडे नाहीसे झाले होते, बांगड्यांच्या जागी मनोऱ्याचे लोखंड दिसत होते.

“मी कुठं गेले रे, बाळा?” आजींनी यंत्रवाल्या तरुणाला विचारले.

तरुण ओशाळला. मंगलकार्यात सुवासिनी हिरवा चुडा भरणार, हे खरे तर त्याने आधीच ध्यानात घ्यायला हवे होते. त्याने पेटीतून निळे कापड काढून लावले. मग म्हणाला, “आजी, आता तुम्ही अख्ख्या दिसाल. कुठला देखावा लावू? काश्मीर आहे, लंडन आहे, चंद्रसुद्धा आहे.”

“आमच्या घराचा आहे का?”

तरुण गोंधळला. आजींचे माहेर कोयनेच्या खोऱ्यातले. धरण बांधले गेले, शिवसागर जलाशयात गाव बुडाले, आणि माणसे बिऱ्हाड उचलून कोकणात आली. आजी तेव्हा अकरा-बारा वर्षांच्या होत्या. त्या घराची एकही छबी कोणी काढलेली नव्हती. शेकडो देखावे असलेल्या यंत्रात तेवढा एकच नव्हता.

वधूची धाकटी बहीण सहावीत होती. ती धावत घरी गेली आणि चित्रकलेची वही व रंगखडू घेऊन आली. “आजी, तू सांग, मी काढते.” मघाशी हसणारी मुले आता वहीभोवती दाटीने बसली. ओसरीला किती खांब, तुळशीचे वृंदावन कोठे, गोठा केवढा, हे आजी सांगत गेल्या. मधूनच थांबत, डोळे मिटून घेत, मग पुन्हा सांगत. कौले रंगवता रंगवता तांबडा खडू संपला. राहिलेली तपकिरी झाली.

तरुणाने त्या चित्राचा फोटो घेऊन तो यंत्रात भरला. आजी निळ्या कापडापुढे उभ्या राहिल्या. स्क्रीनवर त्यांच्यामागे खडूने काढलेले घर उभे राहिले. त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

“नदी ह्या अंगाला नव्हती. त्या अंगाला होती.”

“एवढंच ना?” तरुण म्हणाला. त्याने बोट फिरवताच चित्र आरशातल्यासारखे उलटले. नदी आपल्या जागी गेली. पण तिच्याबरोबर अंगणातला आंबाही पलीकडे गेला. नात हिरमुसली. “आता आंबा चुकला, आजी! दुसरं चित्र काढू?”

“असू दे गं,” आजी पदर सारखा करीत म्हणाल्या, “तो निघायच्या आधीच तोडला होता. काढ रे बाळा, फोटो काढ.”