गोदामातील पावसाळा

अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल-चादरींच्या व्यवसायात ओलाव्याशी दुहेरी व्यवहार ठेवावा लागतो. मागावर सूत चढले की हवा दमट हवी. कोरड्या हवेत सुती धागा वारंवार तुटतो, म्हणून ऐन उन्हाळ्यात मागाच्या शेडमध्ये मुद्दाम पाण्याचे तुषार सोडतात. तोच ओलावा भिंतीपलीकडच्या गोदामात शिरला, की तयार मालावर बुरशी धरते.

सोलापूर कोरडे, बुरशी कोकणची, असा आपला समज असतो. पण बुरशीला जिल्ह्याचे पर्जन्यमान कळत नाही. तिला गाठीच्या आतली हवा कळते. तिचे सूक्ष्म बीजाणू सर्वत्र हवेत असतातच. ६५ टक्के आर्द्रतेत सुती कापड वजनाच्या सुमारे ८ टक्के पाणी धरून असते आणि तेवढ्यावर बीजाणू निपचित पडून राहतात. आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर काही दिवस टिकली, उबदार हवा मिळाली, वारा खेळला नाही, की तेच जागे होतात. अन्नाचीही निवड असते. कापसाचा तंतू पचवणे कठीण, पिष्ट सोपे. म्हणून चिंचोक्याची वा मक्याची खळ अंगावर असलेले कोरे कापड धुतलेल्या कापडाआधी डागाळते.

दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात आमचा टॉवेलचा माल एका कारखान्यातून धुऊन आला. निम्मा माल तेथेच, पुरता वाळण्याआधी, प्लास्टिकमध्ये बंद केलेला होता. निम्मा सुटा आला, तो आम्ही लाकडी पॅलेटवर भिंतीपासून हातभर दूर रचला. सूत एक, धुलाईचा दिवस एक, छप्पर एक. तीन आठवड्यांनी खोकी उघडली तेव्हा बंद मालावर राखाडी-हिरवे ठिपके होते. सुटा माल स्वच्छ होता. परदेशी ग्राहकाची तारीख तोंडावर आली होती.

पुतण्याने सुचवले की यापुढे सगळ्या मालाला बुरशीनाशकाचा हात द्यावा. व्यापारात हे सर्रास चालते. घरात मात्र प्रश्न निघाला तो वेगळाच. थोरल्या काकांनी विचारले, "चातुर्मासात पिठाची मर्यादा किती, सांग." उत्तर घरातल्या मुलांनाही पाठ आहे: हिवाळ्यात सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. श्वेतांबर घरांत मिठाईचा काळही असाच महिना, वीस आणि पंधरा दिवस असा घटतो. पीठ तेच, डबा तोच. ऋतू बदलला की जीवोत्पत्तीची वेळ बदलते. प्रतिक्रमणाच्या सूत्रात ‘पणग’ हा बुरशी-शेवाळाचा शब्द आपण वर्षानुवर्षे उच्चारतो. तो जीव उपजल्यावर मारण्यापेक्षा उपजण्याजोगी स्थितीच येऊ देऊ नये, हा त्या मर्यादांचा रोख मला तेव्हा प्रथम कापडाच्या भाषेत समजला.

यात आत्मगौरवाला जागा नाही. डागाळलेला माल उकळत्या पाण्यात पुन्हा धुवावाच लागला, आणि त्यात किती जीव गेले याचा हिशेब कोणत्याही वहीत मांडता येणार नाही. माल दहा दिवस उशिरा गेला. ग्राहकाने दर कापला. बुरशीनाशक आम्ही घेतले नाही, ओलावा मोजण्याचे यंत्र घेतले.

पुतण्याने पुढे एक गोष्ट वाचून दाखवली. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू कुजू लागले. त्या कापडावर सापडलेली बुरशी म्हणजे ट्रायकोडर्मा रीसाय. ती कापसाचा तंतू विरघळवणारे एन्झाइम स्रवते. मात्र ग्लुकोजसारखी साखर आयती मिळाली तर ते स्रवणे जवळजवळ थांबवते. आता कारखान्यांत तिला हवे तसे खाद्य देऊन वाढवतात आणि ते एन्झाइम सुती कापडावरची लव काढून ते मऊ करण्यास वापरतात. तंबू कुजवणारीच टॉवेल मऊ करते! असे एन्झाइम आपण वापरावे का, यावर काका आणि पुतण्या यांचे अजून जुळलेले नाही, आणि मला दोघांचेही पटते.

गोदामाचा नियम मात्र ठरला आहे. पावसाळ्यात रात्री व सकाळी खिडक्या बंद. पाऊस नसेल तर दुपारी दोन ते पाच उघड्या, कारण त्या वेळी हवेची आर्द्रता सर्वांत कमी असते. यंत्राचा काटा ८ च्या वर असेल तर गाठ बांधायची नाही, मग बाहेर ट्रक उभा असला तरी.