रुस्तमचा घोटा

घोड्यालाही सांधेदुखी होते म्हटलं की लोक आधी हसतात. मग विचारतात, "म्हणजे आजीसारखी?" अगदी तश्शीच. सकाळी उठल्यावर ताठ, जरा चाललं की मोकळी.

आमचा रुस्तम चौदा वर्षांचा. आधी रेसचा घोडा, मग राइडिंग स्कूलचा, आणि आता आम्ही तिघांनी मिळून पोसलेला. (फ्रीलान्सरला अख्खा घोडा परवडत नाही. तिसरा हिस्सा परवडतो, तोही मानधन वेळेवर आलं तर!) गेल्या वर्षी तो मागचा पाय घासत चालायला लागला. नालाचं टोक झिजायचं, डाव्या हाताला कँटर घे म्हटलं की साहेबांचा नकार. कुणी म्हणालं आळशी झालाय, कुणी म्हणालं पाठ दुखत असेल. सईसकाकांनी मात्र पहिल्याच दिवशी सांगितलं, "ताई, हॉक बघा."

हॉक म्हणजे मागच्या पायाचा मधला सांधा. दिसतो उलट्या गुडघ्यासारखा, पण खरं तर तो घोड्याचा घोटा. त्यात एकाखाली एक सांधे असतात. वाकण्याचं जवळजवळ सगळं काम वरचा करतो. खालचे दोन जेमतेम हलतात, आणि बहुतेक वेळा दुखणं धरतात तेच. डॉक्टरांनी पाय मिनिटभर दुमडून धरला, सोडला आणि लगेच दुडक्या चालीनं पळवायला सांगितलं. रुस्तम चक्क लंगडला. उरलेलं एक्स-रेनं सांगितलं.

"म्हणजे आता पूर्ण आराम?" मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "उलट! तबेल्यात बांधून ठेवलात तर जास्त आखडेल."

तेव्हापासून रोज पंधरा-वीस मिनिटं नुसतं चालणं, मग मऊ जमिनीवर मोठ्या गोलात दुडकी. जंप्स बंद, छोटे गोल बंद. नालबंद नालाचं टोक जरा गोलसर करून देतो, म्हणजे पाऊल चटकन उचलतं. सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन झालं, पण त्याचा असर काही महिन्यांनी ओसरतो. दुखणं वाढलं की मेलॉक्सिकॅम. (डायक्लोफेनॅक जनावरांसाठी २००६ पासून आपल्याकडे बंद आहे. ते दिलेलं मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मरत होती.)

खरा पेच वेगळाच निघाला. तिघांतल्या एकाला जंपिंगच करायचं होतं. तो म्हणाला, "विकून टाकू. दोन दिवस पेनकिलर द्यायची, गिऱ्हाइकासमोर मस्त चालेल." खोटं नव्हतं ते. चालला असताच. आणि पुढे? औषध उतरल्यावर लंगडणारा घोडा त्या नव्या मालकानं कुठे पाठवला असता? वरातीत, बँडबाजाच्या मागे, डांबरी रस्त्यावर चार-चार तास?

आम्ही दोघींनी नाही म्हटलं. तो बाहेर पडला. माझा हिस्सा तिसऱ्याचा अर्धा झाला.

गंमत म्हणजे या आजारात आशा आजारातच असते. खालचे सांधे झिजत झिजत कधी कधी हाडाला हाड जुळून एकसंध होतात आणि मग दुखणं कमी होतं. ते तसेही फार हलत नाहीत, त्यामुळे घोड्याचं विशेष अडत नाही. याला महिने लागतात, वर्षंही लागतात, आणि काहींचे जुळतच नाहीत.

पुढचा एक्स-रे दिवाळीनंतर. संपादकसाहेब, या लेखाचं मानधन त्याआधी निघेल का?