देवगाव फाटा : प्रवासातील विसावा

जालन्याहून मंठामार्गे जिंतूरच्या नेमगिरी क्षेत्री निघालेले यात्रेकरू देवगाव फाट्यावर घटकाभर थांबतात. येथून एक रस्ता सेलूकडे, दुसरा जिंतूरकडे जातो. मराठवाड्याच्या उन्हात हा विसावा वाहनासही हवा असतो. इंजिन निवण्याआधी रेडिएटरचे झाकण उघडू नये. दाबाखालील उकळते पाणी उसळून भाजते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, म्हणून ते मुदतीत बदलावे. जळालेल्या फ्यूजच्या जागी तितक्याच अँपिअरचा फ्यूज घालावा. 10 च्या जागी 30 चा किंवा तार घातली, तर फ्यूज शाबूत राहतो आणि वायरिंग पेटते. मागचा दिवा विझल्याचे चालकास कळत नाही. तो उतरून पाहावा लागतो. दुकानाची वही रोज तपासली जाते. सारे कुटुंब ज्या गाडीत बसते, तिच्यासाठी दहा मिनिटे अधिक नव्हेत.