पूल बांधणारा
संध्याकाळी शाळेतल्या एका जुन्या पोराचा फोन. आता मेट्रोच्या कामावर मोठा इंजिनिअर आहे. ‘बाई, ओळखलंत का?’ अरे, मधल्या सुट्टीत पट्ट्या, दोरा आणि काडेपेटीची खोकी जुळवून बाकांमध्ये पूल बांधणारा तू. डब्यातली पोळीभाजी तशीच राहायची! शुद्धलेखनाच्या नावाने मात्र बोंब.

२०१३ साली वानखेडेवर निरोप घेताना सचिन म्हणाला होता, २९ वर्षांत आचरेकर सरांनी आपल्याला एकदाही ‘वेल प्लेड’ म्हटलं नाही. पोराच्या डोक्यात हवा जाऊ नये म्हणून. मला बाई हे जमत नाही. भरभरून कौतुक केलं, वर वेळेवर जेवतोस का म्हणून दटावलंही. दिवाळीत येतो म्हणालाय. भाजणी जरा जास्तच करायला हवी.