मोरे नावाचे गाव

मोरे म्हटले की आपल्याला आडनाव आठवते. पण मणिपुरात, इंफाळपासून सुमारे 110 किलोमीटरवर, ब्रह्मदेशाच्या अगदी उंबरठ्याशी मोरे नावाचे गाव आहे. 2018 च्या डिसेंबरात एका चर्चासत्रासाठी इंफाळला गेलो होतो, तेव्हा ते पाहून आलो. तेंग्नौपालचा घाट उतरलो, आणि कानांवर काय पडावे? तमिळ! पुढे अंगाळ परमेश्वरीचे देऊळ, आणि इडली-सांबारही हजर!

ही मंडळी इथे आली कशी? ब्रह्मदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या हिंदी लोकांवर 1962 च्या लष्करी सत्तांतरानंतर संकट कोसळले. 1964 मध्ये दुकाने सरकारजमा झाली. सुमारे 3 लाख लोक भारतात परतले. त्यांतल्या काही तमिळांचे मन मद्रासकडे रमेना. जन्मभूमी त्यांची ब्रह्मदेश! ते मणिपुरामार्गे परत निघाले. सीमेपलीकडे त्यांना अडवले गेले, आणि ते उंबरठ्यावरच बसले. त्या उंबरठ्याचेच त्यांनी दुकान केले.

भांडवल कोणते? एका वृद्ध दुकानदाराकडे तासभर बसलो, तेव्हा ते कळले. हिशेब तमिळमध्ये, गालांना थानाखा लावलेल्या बाईशी घासाघीस ब्रह्मी भाषेत, हमालाशी बोलणे कुकी बोलीत, इंफाळच्या गिऱ्हाइकाशी मैतेईत आणि माझ्याशी हिंदीत! मी एक भाषा शिकवून पगार घेतो. हे गृहस्थ पाच भाषांवर घर चालवीत होते.

“माल कोणीही आणील, प्रोफेसरसाहेब,” ते म्हणाले, “पण पलीकडचा माणूस उधार कोणाला देतो? ज्याचे बोलणे त्याला कळते, त्याला.”

1994 च्या करारानुसार 1995 मध्ये इथला व्यापार रीतसर सुरू झाला. आरंभी यादीत अवघे 22 जिन्नस : मोहरी, कडधान्ये, सुपारी, आले वगैरे. मालाला माल देण्याची पद्धत 2015 पर्यंत टिकली. पण कागदावरचा व्यापार थोडा, डोक्यावरचा फार. सकाळी गेट उघडले, की पलीकडच्या नाम्फालोंग बाजारातून चिनी ब्लँकेटे आणि जोडे यांची गाठोडी येऊ लागत. दिवे लागण्यापूर्वी ज्याने त्याने आपापल्या देशात परतायचे. रुपया आणि क्याट, दोन्ही एकाच गल्ल्यात!

मार्च 2020 मध्ये महामारीमुळे ते गेट बंद झाले. 2021 च्या फेब्रुवारीत म्यानमारात लष्कराने पुन्हा सत्ता बळकावली. मे 2023 मध्ये मणिपूर पेटले, आणि मोऱ्यातली घरेही जळाली. सीमेलगत 16 किलोमीटरपर्यंत राहणाऱ्यांना असलेली मोकळी ये-जा रद्द करण्याचे केंद्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये जाहीर केले. सरकारच्या दृष्टीने कारणे असतील. शस्त्रे आणि अफू यांनाही वाट तीच सापडते.

पण दुकानदाराचे काय? नुकसानभरपाई मागायची, तर जळालेल्या मालाची यादी करता येते. पलीकडच्या व्यापाऱ्याने केवळ शब्दावर दिलेली उधारी कोणत्या रकान्यात लिहायची? ज्यांना एकदा ब्रह्मदेशातून उठवले गेले, त्यांनी साठ वर्षांत हे भांडवल पुन्हा जमवले. ते गाठोड्यात बांधून चेन्नईला नेता येत नाही. सीमेवरच्या माणसाची कमाई सीमेवरच चालते, आणि तीही दार उघडे असेल तोवरच.