न्यायदेवतेची पट्टी

लँग्स्टन ह्यूज या अमेरिकेतील कृष्णवर्णीय कवीची 'जस्टिस' ही कविता अवघ्या चार ओळींची आहे. न्यायदेवतेच्या डोळ्यांवरील पट्टी आपण निःपक्षपातीपणाचे चिन्ह मानतो. कवीच्या लेखी ती जखमेवरची पट्टी असून तिच्याखाली डोळ्यांच्या जागी दोन चिघळलेली क्षते आहेत.

मराठी वाचकाला ही प्रतिमा चटकन भिडावी, कारण आपल्या भाषेत डोळ्यांवर बांधायची तीही पट्टी आणि जखमेवर बांधायची तीही पट्टीच. परंतु डोळ्यांवरची पट्टी म्हटली की आपल्याला प्रथम आठवते ती गांधारी, आणि तेथेच वाट चुकण्याचा संभव आहे. गांधारीचे डोळे धडधाकट होते; आंधळेपण तिने आपखुशीने पत्करले होते. ह्यूजच्या देवतेने काहीच पत्करलेले नाही. (आपल्या सर्वोच्च न्यायालयात बसविलेल्या न्यायदेवतेच्या नव्या मूर्तीला पट्टी नाही; ह्यूजने ती पाहिली असती, तर डोळे शाबूत असल्याचेच त्याला नवल वाटले असते.)

या कवितेत केवळ तिरस्कार भरला आहे, असे पुष्कळांना वाटेल. मला तसे वाटत नाही. क्षत म्हटले की घाव आला, आणि घाव घालणारा हातही आला. तेथे एकेकाळी डोळे असतीलही, एवढी शंकेला जागा कवीने अखेरीस ठेवली आहे. तेवढ्याने देवता स्वतःच जायबंदी ठरते, आणि तिला जायबंदी कोणी केले, हा प्रश्न वाचकापुढे उभा राहतो.

१९३१ च्या मार्चमध्ये अलाबामा राज्यात एका मालगाडीतून नऊ कृष्णवर्णीय मुलांना उतरवून त्यांच्यावर दोन गोऱ्या स्त्रियांवरील बलात्काराचा आरोप ठेवण्यात आला. स्कॉट्सबरो गावी निव्वळ गोऱ्यांच्या ज्यूरीपुढे खटले चालले आणि सुमारे पंधरवड्यात आठ जणांना देहान्ताची शिक्षा झाली. दोघींपैकी एकीने १९३३ साली आपला आरोप खोटा होता, असे न्यायालयात सांगितले. तरीही ज्यूरीचा कौल पालटला नाही. कविता या खटल्याच्या आधीची, परंतु १९३२ साली ह्यूजने ती 'स्कॉट्सबरो लिमिटेड' या पुस्तिकेत घेतली. तुरुंगात जाऊन तो त्या मुलांना भेटलाही.

घाव कसा घातला जातो, हे दप्तर हाताळणाऱ्या माणसास विशेष उमगेल. ज्यूरीच्या यादीतून काळ्या नागरिकांना जाणूनबुजून वगळले जाते, हा बचावपक्षाचा आक्षेप होता. नोंदवही पुढे आली, तेव्हा तीत काळ्यांची काही नावे निघाली; मात्र ती आधी ओढलेल्या तांबड्या रेघांवर मागाहून घुसडलेली होती. १९३५ साली वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्तींनी हाती भिंग घेऊन ती पाने निरखली आणि नॉरिस या आरोपीची शिक्षा रद्द केली. मुख्य न्यायमूर्तींचे आडनावही, योगायोगाने, ह्यूजच होते.

त्यानंतरही फेरखटले होऊन शिक्षा झाल्याच. अलाबामाने शेवटच्या तिघांना मरणोत्तर माफी दिली ती २०१३ साली. नवांपैकी अखेरचा इसम १९८९ मध्येच निवर्तला होता.